डाव्या हाताची मूठ

मागच्या हिवाळ्यात तीन आठवडे टेक्सासला होतो. मुलगी आणि जावई तिथे आहेत हे निमित्त. खरे कारण म्हणजे त्यांच्या घरापासून दीड तासावर आपल्या शाळेतला माझा वर्गमित्र राहतो. शाळेत त्याला आम्ही सगळे ‘डावऱ्या’ म्हणत असू आणि अजून तेच म्हणतो, म्हणून इथेही तेच नाव लिहितो. तो सातारकडचा, मी बेळगावकडचा. घरापासून इतक्या दूर, हिंदी-पंजाबी-भोजपुरीच्या गलबल्यात आम्ही दोघेच मराठी बोलणारे. त्यामुळे पहिल्या सत्रापासून जोडी जमली ती जमलीच.

पोचलो त्याच संध्याकाळी त्याने कपाटातल्या तिजोरीतून एक पिस्तूल काढून जेवणाच्या टेबलावर ठेवले. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबर रिकामे. त्याने आधी मला दाखवले, मग मीही बघितले. शाळेने लावलेली ही सवय दोघांनाही अजून आहे. पिस्तूल बल्गेरियात, कझानलिकच्या कारखान्यात बनलेले मॅकारोव्ह. शीतयुद्ध संपल्यावर पूर्व युरोपातल्या सैन्यांची अशी जुनी पिस्तुले अमेरिकेच्या बाजारात स्वस्तात आली, तेव्हा लोकांनी हौसेने घेतली. डावऱ्याने बऱ्याच वर्षांपूर्वी घेतले होते.

“यार, हे मला लागत नाही,” तो म्हणाला. “दहा यार्डांवरून मारतो, सगळ्या गोळ्या उजवीकडे. वय झालं म्हणतोस?”

मी पिस्तूल उजव्या हातात घेतले. उत्तम बसले. डाव्या हातात घेतले आणि लगेच कळले की दोष त्याच्या वयाचा नाही, मुठीचा आहे.

कॅडेटांसाठी थोडे सांगतो. मॅकारोव्ह सोव्हिएत सैन्याने १९५१ साली स्वीकारले. निकोलाय मॅकारोव्हची रचना. लांबी साधारण १६ सेंटिमीटर, रिकामे वजन सुमारे ७३० ग्रॅम, मॅगझिनमध्ये ८ गोळ्या, कार्ट्रिज ९ बाय १८. मूळ मूठ बेकेलाइटची, एकसंध, घोड्याच्या नालासारखी मागून चढवायची आणि मागे एकाच स्क्रूने आवळायची. ही मूठ तशी साधी आणि सपाट, दोन्ही बाजूंना सारखी. डावऱ्याच्या पिस्तुलावर ती नव्हती. आधीच्या मालकाने तिच्या जागी डाव्या बाजूला वर ओट्यासारखा उंचवटा असलेली मूठ बसवली होती. उजव्या हाताने धरणाऱ्याचा अंगठा पलीकडे जाऊन त्या ओट्यावर विसावतो, म्हणून तो ओटा. डाव्या हाताच्या माणसाचा तळवाच त्या बाजूला येतो. मग तो ओटा तर्जनीच्या बुडाखाली रुततो, बोट बाहेर ढकलले जाते आणि चापापर्यंत पोचताना अर्धे पेर कमी पडते. बोटाच्या टोकाने चाप दाबला की पिस्तूल सरळ मागे दबत नाही, बाजूला ढकलले जाते. डाव्या हाताचे टोक ढकलते उजवीकडे. डावऱ्याच्या गोळ्या जिथे जात होत्या तिथेच.

अंगठ्याच्या ओट्याच्या अशा मुठी त्या देशात इतक्या का दिसतात याचे एक कारण गमतीचे आहे. १९६८ च्या कायद्यानंतर तिथे पिस्तूल आयात करायचे तर त्याला गुण मिळवावे लागतात, आपल्या परीक्षेसारखे. लांबीला गुण, वजनाला गुण, सुरक्षा-खटक्यांना गुण, नेमबाजीच्या मुठीला गुण. उत्तीर्ण व्हायला ७५. वाल्थरचे प्रसिद्ध पीपीके उंचीत किंचित कमी पडले, तेव्हा कारखान्याने मोठ्या पीपीच्या फ्रेमवर पीपीकेची स्लाइड चढवून पीपीके-एस नावाचे नवे पिस्तूल केले आणि ते आत गेले. लहान पिस्तुलांना ओट्याच्या मुठी आणि फिरवता येणारे साइट लावणे हाही त्याच खटाटोपाचा भाग. म्हणजे कित्येक मुठींचा आकार ठरवताना समोर माणसाचा हात नव्हता, सरकारी फॉर्म होता. आयुष्यभर ईएमईत फॉर्म भरल्यामुळे मला याचे नवल वाटले नाही.

आता माझे मत सांगतो, कारण संपादकांनी मत मागितले आहे, प्रवासवर्णन नाही.

लहान पिस्तुलाची मूठ ही शोभेची वस्तू नाही. मोठ्या, जड पिस्तुलात मूठ थोडी वाईट असली तरी वजन सांभाळून घेते. मॅकारोव्हसारख्या लहान पिस्तुलात स्लाइड कुलूपबंद नसते. स्प्रिंग आणि स्लाइडचे वजन एवढ्यावरच सगळा धक्का सोसायचा असतो. त्याचा झटका तीक्ष्ण असतो आणि तो अंगठा व तर्जनी यांमधल्या बेचकीत लागतो. याच गोळीची हंगेरीची पीए-६३ हलक्या मिश्रधातूच्या फ्रेमची आहे, तिचा झटका हाताला चांगलाच झोंबतो; शिवाय तिच्या मूळ मुठीलाच डावीकडे अंगठ्याचा ओटा असतो, त्यामुळे डावखुऱ्याने ती घेऊच नये. डावऱ्याने आधी विचारले असते तर मी त्याला झेक सीझेड-८२ घ्यायला सांगितले असते. तिचा सुरक्षा-खटका दोन्ही बाजूंना आहे. पण घेऊन झाल्यावर विचारणे ही त्याची शाळेपासूनची रीत.

त्याने तोवर तीन मुठी निवडून ठेवल्या होत्या आणि मला फक्त होकार द्यायला बसवले होते. पहिली रबराची, बोटांच्या खाचा असलेली. दुसरी लाकडाची, चकचकीत पॉलिश, मधोमध पितळी बिल्ला. तिसरी काचेच्या धाग्यांचे थर राळेत दाबून केलेली, खरखरीत, काळी-हिरवी.

मी तिन्हींना नकार दिला आणि आमचे वाजले.

रबराची मूठ झटका शोषते हे खरे. पण ती जाड असते. ज्याचे बोट आधीच चापापर्यंत पोचत नाही त्याला जाड मूठ देणे म्हणजे आखूड बाहीच्या शर्टाला अजून दुमडणे. बोटांच्या खाचा तर मला कधीच पटल्या नाहीत. त्या कोणाच्या तरी बोटांसाठी असतात. तुमची बोटे त्या अंतरावर नसतील तर प्रत्येक बोट एका उंचवट्यावर बसते आणि पिस्तूल हातात डगमगते. लाकडाची मूठ सुंदर होती. पण गुळगुळीत पॉलिश आणि टेक्सासचा घाम! खरखरीत थराची मूठ पक्की धरते, मात्र शंभर गोळ्या मारल्यावर तळव्याचे साल काढते, आणि शर्टाखाली बाळगणाऱ्याच्या कातडीचेही. तिला घासून थोडी मऊ केली तर ती वाईट नाही, हे मी कबूल केले.

“मग काय लावू? माझं कपाळ?” डावऱ्या म्हणाला.

मी म्हटले, आधी मूळ बेकेलाइटची मूठ आण. तिच्यावर पन्नास गोळ्या मार. काय खुपते ते कळू दे, मग बदल. हा माझा पहिला आणि खरे तर मुख्य सल्ला आहे: नवी मूठ घेण्याआधी मूळ मूठ. ती सपाट असते, पातळ असते, दोन्ही हातांना सारखी असते. ज्या सैन्याने ती लाखो माणसांच्या हातात दिली त्याने निदान कोणाचाही हात पूर्ण वगळलेला नसतो. एक मात्र सांभाळायचे. बेकेलाइट ठिसूळ असते. स्क्रू हाताला लागला की थांबायचे. अजून अर्धा फेरा म्हणून जोर लावला की भोकापासून चीर जाते. वर्कशॉपमध्ये तुटलेल्या वस्तू मी आयुष्यभर पाहिल्या. त्यांतल्या बऱ्याचशा त्या शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात गेलेल्या.

मूळ मूठ आठवड्याने टपालाने आली, वर तारा, वर्तुळात. चढवली. डावऱ्याचे बोट चापावर बरोबर पहिल्या पेराच्या मध्यावर आले. गोळ्या उजवीकडून मध्याकडे सरकल्या. पण तळवा भरत नव्हता. त्याचा हात मोठा आहे आणि करंगळीला धरायला काही राहत नव्हते.

पुढचे दहा दिवस आम्ही गॅरेजमध्ये होतो. अक्रोडाचा एक ठोकळा आणला. मूठ अशी करायची की वर, तर्जनीच्या बाजूला पातळ. खाली, करंगळीपाशी थोडी भरीव. डाव्या बाजूला तळव्याच्या खळग्यात हलका फुगवटा. लाकूड फ्रेमवर कुठे अडते हे बघायला आमच्या वर्कशॉपमध्ये काजळी वापरत. इथे काजळी कुठली? वहिनींची लिपस्टिक घेतली. फ्रेमला पातळ पुसायची, लाकूड दाबायचे, लाल डाग पडेल तिथेच किसायचे, परत दाबायचे. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, दुसरी आणून द्यायची हं, आणि हाच रंग.” पहिली मूठ स्क्रूच्या भोकापाशी चिरली, कारण मी लाकडाच्या रेषा आडव्या घेतल्या होत्या. ही चूक माझी, आणि डावऱ्या ती मला मरेपर्यंत ऐकवणार. दुसरी जमली.

बसवल्यावर तपासायच्या गोष्टी मोजक्याच, पण एकही सोडायची नाही. स्लाइड पूर्ण मागे जाताना लाकडाला घासते का? घोडा वरच्या कडेला लागतो का? सुरक्षा-खटका पूर्ण वर आणि पूर्ण खाली जातो का? मॅकारोव्हचा मॅगझिनचा खटका मुठीच्या टाचेशी असतो. तो अंगठ्याने सहज दबला पाहिजे आणि मॅगझिन सहज निघाले पाहिजे. (हा टाचेचा खटका जुना, मंद म्हणून हिणवला जातो. डावखुऱ्याला मात्र तो उजव्याइतकाच सोपा, हे कोणी सांगत नाही.) मूठ मागेपुढे डुगडुगता कामा नये. आणि विकत घेणार असाल तर पिस्तुलाचे नाव सारखे आहे एवढ्यावर जाऊ नका. मॅकारोव्हचेच एक १२ गोळ्यांचे, रुंद फ्रेमचे भावंड आहे. त्याची मूठ याला बसत नाही, याची त्याला नाही.

हाताला बसली का, हे बघायची जुनी रीत तुम्हाला ठाऊक असेल. पिस्तूल रिकामे, तोंड सुरक्षित दिशेला. निशाण्याकडे बघा, डोळे मिटा, हात वर करा, डोळे उघडा. साइट आपोआप सरळ आले असतील तर मूठ तुमची. मनगट वळवून ते आणावे लागले तर ती दुसऱ्या कोणाची.

डावऱ्याने डोळे उघडले आणि काही बोलला नाही. मग म्हणाला, “साठ वर्षांत पहिल्यांदा.”

ते वाक्य पिस्तुलाबद्दल नव्हते. आमच्या काळी रेंजवर पॉइंट टू-टू रायफल असे, बोल्ट उजव्या बाजूला. डावऱ्या पहिल्या दिवशी डाव्या खांद्याला रायफल लावून झोपला. उस्ताद आले, काही न बोलता रायफल काढून त्याच्या उजव्या खांद्याला लावली. त्याचा डावा डोळा प्रबळ होता. हे आज आपण दोन मिनिटांत तपासतो: हात लांब करून अंगठा दूरच्या खांबावर धरा, एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्याने अंगठा जागचा हलत नाही तो तुमचा प्रबळ डोळा. तेव्हा कोणी तपासले नाही. उजव्या खांद्यावर रायफल आणि डाव्या डोळ्याने नेम, म्हणून मान वाकडी करून तो चार वर्षे मारत राहिला. टारगेटवर गोळी सापडायची नाही. त्याच्या अहवालात ‘एकाग्रतेचा अभाव’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. त्याचे पुढे सैन्यात जाणे झाले नाही, त्याला कारणे इतर होती, हे मी मुद्दाम लिहितो. पण आपल्याला बंदूक येत नाही हे त्याने बाराव्या वर्षी मनाशी ठरवले ते सत्तरीपर्यंत.

त्याच उस्तादांनी त्याला हंगेरीच्या कारोय ताकाचची गोष्ट सांगितली होती. गोष्ट खरी आहे. ताकाच सैन्यात सार्जंट होता. १९३८ साली सरावात हातबाँब हातातच फुटला आणि त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने शिकून १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक घेतले. उस्तादांचे म्हणणे असे की तो हात बदलू शकला, तू का नाही? मला ही गोष्ट उलटी लावलेली वाटते. ताकाचने हात बदलला, कारण दुसरा उरला नव्हता. चांगला चालणारा हात बाजूला ठेवून दुसरा वापर, असे त्याला कोणी सांगितले नव्हते.

माझ्या बॅचचे काही जण म्हणतील की सैन्यात शस्त्र सरकारी मिळते, प्रत्येकाच्या मापाचे नाही. मुलांनी आत्तापासून जुळवून घ्यायला शिकावे. यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. सरकारी शस्त्रात स्वतःहून बदल करायचा नसतो. सैनिकाला दोन्ही खांद्यांवरून मारता आले पाहिजे, भिंतीच्या डाव्या कोपऱ्यावर तेच कामी येते. पण आधी एका हाताने नीट शिकल्यावर दुसरा हात शिकवता येतो. एकही नीट न शिकलेल्याला काय जुळवून घेणार? आणि शस्त्र बनवणारेही बदलले आहेत. आपल्या विशेष दलांकडची ताव्हूर रायफल काही भाग बदलून डावखुऱ्यासाठी करता येते, पुंगळी दुसऱ्या बाजूने पडते. कारखान्याला जे सुचले ते शाळेला सुचायला हरकत नसावी.

इथे कॅडेटांना एक स्पष्ट सांगतो, नाहीतर पालकांची पत्रे येतील. डावऱ्याचे पिस्तूल त्याच्या देशाच्या कायद्यात बसते. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आहे, परवान्याशिवाय काहीही नाही, आणि ९ मिमी पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळतच नाही. हा लेख वाचून कोणी खरेदीची स्वप्ने पाहू नयेत. तुमचे शस्त्र आपल्या रेंजवरचे एअर पिस्तूल, आणि मी बोलतोय ते त्याच्याबद्दलच.

गेल्या स्थापनादिनाला मी रेंजवर गेलो होतो. छान रेंज आहे, आमच्या वेळी मातीचा बंधारा होता. पिस्तुले पाहिली. सगळ्यांच्या मुठी उजव्या हाताच्या. एअर पिस्तुलाची मूठ मॅकारोव्हसारखी सपाट नसते, ती हाताच्या साच्यासारखी कोरलेली असते. उजव्या हाताची मूठ डाव्या हातात धरताच येत नाही. एक मुलगा शेवटच्या लेनवर उजव्या हाताने मारत होता आणि गुण पाटीवर लिहायला त्याने खडू डाव्या हातात घेतला. मी त्याचे नाव विचारले नाही. त्याचा गुणफलक मात्र बघितला.

नियम याच्या आड येत नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमात १० मीटर एअर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत, चापाचा भार किमान ५०० ग्रॅम, आणि मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. मूठ कोणत्या हाताची, यावर बंधन नाही. सामन्याच्या पिस्तुलांना डाव्या हाताच्या मुठी मिळतात, लहान-मध्यम-मोठ्या मापांत. एक-दोन स्क्रूंचे काम. पिस्तूल तेच राहते.

म्हणून मी आणि डावऱ्याने ठरवले आहे की आपल्या रेंजसाठी डाव्या हाताच्या दोन मुठी, एक लहान आणि एक मध्यम, आम्ही दोघे देऊ. निम्मे पैसे त्याचे. प्राचार्यांना पत्र वेगळे लिहिले आहे. त्याआधी हातांची मापे लागतील, म्हणून शाळेतल्या डावखुऱ्या मुलामुलींनी कोऱ्या कागदावर बोटे किंचित फाकवून हाताची बाह्यरेषा काढावी, मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या घडीपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहावे, आणि बेचकीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचे वेगळे. कागद कार्यालयात जमा करावेत. डावा हात कागदावर असताना पेन्सिल उजव्या हातात येईल आणि रेघ वाकडी जाईल, तेव्हा शेजारच्या उजवखुऱ्याला काढायला सांगा.